विमलाबाईंच्या पडण्याची तालीम

लग्न होऊन डोंबिवलीला आले तेव्हा आईनं बजावलं होतं, पहिलं वर्षभर तोंड उघडायचं नाही, नुसती मान हलवायची. मी ते बरेच दिवस नीट पाळलं. (मान अवघडली होती, पण घरात समजूत अशी झाली की सून गुणी आहे.) मग एका संध्याकाळी मी तोंड उघडलं, आणि माझ्या सासऱ्यांना रोज उंबऱ्यात पडावं लागलं.

त्याचं असं झालं. माझी धाकटी नणंद मंदाकिनी, आठ वर्षांची. तिला मंदा म्हटलेलं चालत नाही. पूर्ण नाव घेतल्याशिवाय ती ओ देत नाही. ताटात चटणी कोशिंबिरीला लागली की ताट परत. आणि अचानक काही झालं, भांडं पडलं किंवा पाहुणा आला, की दोन्ही कानांवर हात ठेवून ती कॉटखाली जाते आणि संध्याकाळपर्यंत तिथंच. घरच्यांनी सगळं करून पाहिलं होतं. दृष्ट काढली, अंगारा लावला. कल्याणच्या वैद्यांनी ब्राह्मीचं तेल दिलं. ते तिनं डोक्याला लावू दिलं नाही, तेव्हा फुकट जायला नको म्हणून मामंजींनी लावलं. (मामंजींना डोक्यावर केस नाहीत. तेल मात्र संपलं.)

शाळेतही घालून पाहिलं. पहिली घंटा झाली आणि मंदाकिनी बाईंच्या टेबलाखाली. दुसऱ्या शाळेनं तर आधीच हात जोडले होते. शेवटी तिसऱ्या शाळेच्या मुख्याध्यापिका विमलाबाई टिपणीस म्हणाल्या, "रविवारी मी घरी येऊन मुलीला बघते. नीट बोलली तर घेऊ. नाही तर माझा नाइलाज आहे."

सासूबाई तेव्हापासून फोडणीचा धूर नसतानाही डोळे पुसत होत्या. मला ते बघवेना. मी म्हटलं, "तिला आधी सांगितलं की ती घाबरत नाही."

सगळे माझ्याकडे वळले. भिंत बोलली असती तरी इतके वळले नसते.

"स्टोव्ह पेटवताना मी सांगते, आता फर्र होणार. मग ती आपणच कानांत बोटं घालते आणि 'पेटव' म्हणते. तसं बाईंचं येणंही आधी करून दाखवू या. रोज."

"आणि बाई कोण होणार?" मामंजींनी विचारलं.

ठाकुर्लीच्या पॉवर हाऊसातून रिटायर होऊन घरी बसलेलं माणूस एकच होतं.

"मला मिशा आहेत," मामंजी म्हणाले.

"तिला चालतील," हे म्हणाले. हेही तसे कमी बोलतात, पण वडिलांना बाईमाणूस होताना बघायची संधी कोण सोडणार?

पहिल्या दिवशी मामंजी सासूबाईंची शाल पांघरून, छत्री घेऊन बाहेर गेले. कडी वाजवली. बारीक आवाजात "आहे का कोणी घरात?" म्हणाले आणि आत येताना शाल पायात येऊन उंबऱ्यावर आडवे झाले. छत्री घरंगळत कॉटखाली गेली. "अगं आई गं, गेली कंबर," असं त्यांनी आपल्या मूळ आवाजात म्हटलं. मग पोहे खाताना मिरची लागून ठसका. मग मंदाकिनीला नाव विचारलं. तिनं पूर्ण नाव सांगितलं. तेव्हा मामंजींनी आपल्याच अधिकारात निकाल दिला: "मुलगी हुशार आहे. सोमवारपासून पाठवा."

मंदाकिनी कॉटखाली गेली नाही. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. इथपर्यंत माझी अक्कल चांगली चालली होती.

दुसऱ्या दिवशी मामंजी अगदी जपून, शाल सावरून आत आले. मंदाकिनीनं त्यांना परत बाहेर पाठवलं.

"असं नाही, अप्पा. पडायचंय."

"ते चुकून झालं होतं, बाळ."

"पडायचंय. मग छत्री कॉटखाली. मग 'गेली कंबर'."

रविवारपर्यंत मामंजी रोज पडले. एकदा मी खाली घोंगडी घातली, पण पहिल्या वेळी घोंगडी नव्हती म्हणून मंदाकिनीनं ती काढायला लावली. ठसकाही रोज लागे. पुढे पुढे मामंजींना भूमिका आवडायला लागली असावी. "आज ठसका जरा कच्चा झाला," असं ते स्वतःच म्हणू लागले.

रविवारी विमलाबाई आल्या. कडी वाजवली, उंबरा व्यवस्थित ओलांडला, छत्री कोपऱ्यात उभी केली आणि खुर्चीवर बसल्या. मंदाकिनीचे हात कानांकडे निघाले.

"असं नाही," ती म्हणाली.

"काय झालं?" विमलाबाईंनी विचारलं.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मुख्याध्यापिकेला पडा म्हणून सांगायचं काम माझ्यावर आलं होतं.

"बाई," मी म्हटलं, "आपण येताना जरा अडखळलात तर बरं होईल."

"कशाला?"

"तसं ठरलंय."

मी सगळं सांगितलं. विमलाबाईंचा चेहरा हलला नाही. "म्हणजे मी पडायचं?"

"अगदीच पडायला नको—"

"पडायचंय," मंदाकिनी म्हणाली. ती आता कॉटकडे सरकली होती.

तेवढ्यात, दोन दोन बाई नकोत म्हणून आतल्या खोलीत बसवून ठेवलेल्या मामंजींना राहवलं नाही. शाल पांघरून ते बाहेर आले. "मी दाखवतो. एकदा बघितलंत की सोपं आहे." आणि पडले.

विमलाबाईंनी ते लक्ष देऊन पाहिलं. मग उठल्या, छत्री घेतली, बाहेर गेल्या आणि कडी वाजवून आत आल्या. नुसतं अडखळायचा त्यांचा विचार असावा. पण सवय नसलेलं माणूस, तोल गेला. छत्री कॉटखाली, चष्मा पाटाखाली.

"गेली कंबर," त्या म्हणाल्या. ते पाठांतर वाटलं नाही.

"आज बरोबर झालं," मंदाकिनी म्हणाली आणि हात कानांवरून काढले. तिनं चष्मा पुसून दिला, पोह्यांतल्या मिरचीनं बाईंना ठसका लागल्यावर नाव सांगितलं, वडिलांचं नाव न विचारता सांगितलं, आणि वाट पाहत उभी राहिली.

"आता काय?" बाईंनी विचारलं.

"आता तुम्ही म्हणायचं, मुलगी हुशार आहे, सोमवारपासून पाठवा."

"हे कोणी लिहिलं?"

मामंजी आढ्याकडे बघू लागले.

विमलाबाईंनी कंबर चोळली. "मुलगी हुशार आहे," त्या म्हणाल्या, "सोमवारपासून पाठवा. आणि ही तालीम जिनं बसवली तिलाही पाठवा. घंटा होणार हे आधी कोणी तरी सांगायला नको का?"

अशी मी मॅट्रिक झालेली बाई दुसरीच्या वर्गात बसले, गुडघे हनुवटीला लावून. शाळेचा गडी राघो घंटेला हात घाली, मी "आता होणार" म्हणे, मंदाकिनी कानांत बोटं घालून "वाजव" म्हणे. हळूहळू सगळा वर्गच बोटं घालून "वाजव" म्हणायला लागला. राघोला मान मिळाल्यासारखं वाटून तोही रोज परवानगीला दारात येऊन उभा राहू लागला.

शनिवारी घरी आल्यावर मंदाकिनी आईसमोर उभी राहिली. "सोमवारपासून वहिनीला पाठवू नकोस."

"का गं? घंटेचं कोण सांगणार तुला?"

"राघो आधी माझ्याकडे बघतो, मग वाजवतो. वहिनी वर्गात झोपते. पाढे सुरू झाले की घोरते. बाई म्हणाल्या, हिचं नाव काढून टाका."

(सासरी आल्यापासून दिवसाउजेडी कोणी बस म्हटलं होतं ते तिथंच. पण हे कोणाला सांगणार?)

सासूबाईंनी लेकीला जवळ घेतलं, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "एवढ्याशा पोरीचं शाळेत निभावलं. तुला गं काय झालं?"