अर्धी लाल, अर्धी सोलकढी

माझ्याइतका विचार करून निर्णय घेणारा माणूस आमच्या वाडीत दुसरा नाही. हे मी स्वतःच सांगतो, कारण बाकी कोणी सांगत नाही.

प्रश्न आमच्या गाडीचा होता. घेतली तेव्हा ती लाल होती. घर समुद्राला लागून, त्यामुळे ऊन आणि खारा वारा खाऊन तिचा रंग उतरत उतरत शेवटी सोलकढीवर येऊन थांबला. इंजिन मात्र ठणठणीत. मी रोज तिच्यातून ओरोसला कचेरीत जायचो. खरं सांगतो, माझा त्या गाडीवर जीव होता.

माझी बायको फ्लाव्हिया हिचा नव्हता. "काढ ती आता," ती म्हणायची. "चर्चात मिसाक जाताना माका लाज वाटता."

काढली तर घेणारा ठरलेला होता, शेजारचा गंगाराम. त्याची बायको हौसाबाई मालवणच्या बाजारात सुकी मासळी विकते. तिची टोपली एसटीत चढली की आजूबाजूचे लोक नाकाला पदर लावतात आणि तिला ते फार लागतं. म्हणून गंगारामला गाडी हवी होती. मी एकदा बोलून गेलो होतो, "नवी घेतलंय की ही तुकाच." मोबदला म्हणून जन्मभर बांगडे. मला नवी घ्यायचीच नव्हती, त्यामुळे शब्द द्यायला काही जड गेलं नाही. तेव्हापासून तो ताजे बांगडे आगाऊच पाठवू लागला.

अशात मला कळलं की कुडाळात निलेश नावाचा एक जण गाड्यांना वॅक्स करून देतो. जुनी गाडी नव्यासारखी होते म्हणे.

"म्हाताऱ्या गाडयेक पावडर-लाली कित्याक?" फ्लाव्हिया म्हणाली.

आता फायदा होतो की नाही, हे ठरवायचं कसं? मी शांतपणे विचार केला. अर्धीच गाडी करून घ्यायची. एक बाजू वॅक्सची, एक तशीच. पावसाळाभर दोन्ही बाजू बघायच्या आणि मग निकाल लावायचा.

"अंकल, अर्धी?" निलेश म्हणाला. "अर्धी दाढी करून कोण खुर्चीतून उठता?"

"प्रयोग आसा," मी म्हटलं.

त्याने आधी वरचा मेलेला थर घासून काढला, मग वॅक्स चढवलं. डावी बाजू अशी लालभडक झाली की मलाच तिच्याकडे बघून हात जोडावेसे वाटले. उजवी बाजू होती तशी सोलकढी.

समोरून बघणाऱ्याला सगळं एका नजरेत कळलं असतं. पण आमच्या वाडीत लोक रस्त्यावर उभे राहून गाड्या बघत नाहीत, ओट्यावर बसून बघतात. म्हणजे बाजूने. गंगारामच्या ओट्यावरून सकाळी जाताना माझी डावी बाजू दिसायची आणि संध्याकाळी येताना उजवी. सकाळी लाल गाडी गेली, संध्याकाळी सोलकढी आली. रस्त्यापलीकडच्या घरांना नेमकं उलटं दिसायचं.

दाजीच्या चहाच्या टपरीवर माझ्यावरून, म्हणजे ह्युबर्टवरून, दोन तट पडले.

"नवी घेतल्यान ह्युबर्टान. सकाळी तीच नेता."

"खुळो काय तू? सकाळी जुनी नेता, नवी संध्याकाळी हाडता."

"मग दुसरी गाडी दिवसभर खंय आसता?"

यावर दोन्ही तटांचं लगेच एकमत झालं. दुसरी ओरोसला असते. तिथे ह्युबर्टाने दुसरं घर केलेलं आहे.

तिसऱ्या दिवशी म्हापशाहून माझ्या मेहुणीचा, आपोलिनाचा फोन आला. फ्लाव्हिया बराच वेळ नुसती "हूं, हूं" करत होती. मग फोन ठेवून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"अगो, गाडी एकच आसा, तुका म्हायत आसा मा?" मी म्हटलं.

"माका म्हायत आसा. पण माका एकटेक म्हायत आसून काय उपेग? आजच्या आज दुसरी बाजू लाल करून हाड."

प्रयोग तिथेच संपला. निलेशने हसत हसत दुसरी बाजूही करून दिली. गाडी दोन्हीकडून लाल झाली, ओरोसचं घर मोडलं, फ्लाव्हिया शांत झाली. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवसापासून बांगडे यायचे बंद झाले. शुक्रवारी, म्हणजे मासळीच्या दिवशी, आमच्या पानात वाल आले.

"गंगारामाक काय बोललंस तू?" फ्लाव्हियाने विचारलं.

मी काहीच बोललो नव्हतो. म्हणून त्याच्याकडे गेलो. बघतो तर अंगणात माडाच्या झापांचा नवा माटव, म्हणजे मांडव. खालची जमीन शेणाने सारवलेली, मध्ये रांगोळी. त्याने आमच्या गाडीसाठी घर बांधलं होतं. गंगाराम माझ्याकडे पाठ करून जाळं विणत बसला होता.

"कोणाक इकलंस?" मान वर न करता त्याने विचारलं.

"काय?"

"जुनी गाडी. नवी इली तेव्हा म्हटलंय, ह्युबर्ट आपणहून येतलो. आपण कित्याक मागाचा? आणि तू गुपचूप दुसऱ्याक इकलंस."

"अरे, हीच ती! नंबर बघ की!"

"जुनोच नंबर हल्ली नव्या गाडयेक मागून मिळता," गंगाराम म्हणाला. "हौसा रोज माटव झाडता रे." आणि तो आत गेला.

मला फार वाईट वाटलं. शिवाय वालही नको झाले होते. त्याला पटवायचा एकच मार्ग होता, एका बाजूचं वॅक्स काढून आतली सोलकढी दाखवायची.

रविवारी मिसाहून आल्या आल्या मी बाही वर केली. आधी साबण लावला. मग सोडा. मग चुलीतली राख घेऊन नारळाच्या सोडणाने दरवाजा घासायला बसलो. घामाने निथळलो, पण सोलकढीचा थेंब दिसेना. वरचा थर निलेशने केव्हाच काढून टाकला होता, हे घासता घासता लक्षात आलं. तरी मी हटलो नाही.

मान वर केली तर कुंपणापलीकडे गंगाराम. कधीपासून उभा होता कोण जाणे.

"काय करतंस?" त्याने विचारलं.

"आतली जुनी गाडी दाखवतंय तुका."

त्याने राख बघितली, सोडण बघितलं, माझे सोललेले हात बघितले. मग कुंपण ओलांडून आला आणि माझ्या हातातलं सोडण काढून घेतलं.

"नवी गाडी घासून जुनी करतंस? माझ्यासाठी? तुझो शब्द खरो रवाचो म्हणान?"

"नाय रे, तसा नाय..."

"इतकी चांगली गाडी खराब करू नको, ह्युबर्टा. माका आशीच चलात." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याने राखेने माखलेल्या मला घट्ट मिठी मारली. आता अशा माणसाला काय सांगायचं?

मी तोंड उघडणार, तोवर फ्लाव्हिया दारातून आलीच. हातात चावी.

"घे रे गंगारामा. शब्द म्हणजे शब्द," ती म्हणाली. इतक्या गोड आवाजात ती लग्नानंतर प्रथमच बोलली असेल.

तर जुन्या गाडीला पैसे देऊन वॅक्स करून घ्यावं का, असं कोणी विचारलं तर मी सांगतो, बेलाशक करा. पावसाळा होऊन गेला तरी तिचा रंग जराही उतरलेला नाही. रोज सकाळी मी थांब्यावर ओरोसच्या एसटीची वाट बघत उभा असतो तेव्हा हौसाबाई त्या लाल गाडीच्या मागच्या सीटवर टोपली घेऊन समोरून जाते आणि हात करते.