योना न ऐकलेली माणसे

बुधवारी सकाळी साडेनऊ वाजता बायबलातल्या योनाच्या पुस्तकाचे भाषांतर अडले. राजधानी पोर्ट व्हिलाहून आलेल्या भाषांतर-तपासनीस सलोतेबाईंनी ही गोष्ट कधीच न ऐकलेला माणूस मागितला, आणि बेटावरच्या अख्ख्या लोवातु गावात तसा माणूस सापडेना.

दोष भाषांतरकार हिल्टन गराएचाच होता. मागच्या खेपेला त्याचे रूथचे पुस्तक नापास झाले होते. वाचून दाखवलेले ऐकणाऱ्याला आपल्या शब्दांत सांगता आले नाही, तर भाषांतर कळत नाही असे धरायचे, हा तपासणीचा नियम. हिल्टनने त्यातून भलताच धडा घेतला. हिब्रूवरून योना गावच्या बोलीत उतरवून होताच त्याने रोज संध्याकाळी चर्चची घंटा वाजवून तो सगळ्यांकडून घोटून घेतला. आता सलोतेबाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत पहिली बाई योनाला देवाने धाडलेल्या निनवे नगरात पोचली. दुसरीने माशाला योना धड गिळूही दिला नाही, ओकायलाच लावला.

"यांना सगळं पाठ आहे," सलोतेबाई म्हणाल्या. "पाठ असलेल्यांकडून मला काय कळणार? नियमानं दोन कोरी माणसं लागतात, ती आणा. संध्याकाळी माझं जहाज आहे."

हिल्टनला थांबणे परवडणारे नव्हते. लुगनव्हिलच्या डॉक्टरांनी त्याला खोटी आशा दाखवली नव्हती. उजवा डोळा गेलाच होता, डावा त्याच वाटेवर होता. पुन्हा जहाज, पुन्हा तपासणी, मग छपाई. तोवर पुस्तक हातात आले असते, पण वाचता आले नसते.

कोरी माणसे दोनच उरली होती आणि दोन्ही त्याच्या घरची होती. थोरली बहीण मेव आणि तिचा नवरा बोए. बोएच्या डुकराने पाळकांची कोनफळाची वाडी तुडवली, तेव्हा ते कापून ईस्टरच्या जेवणात वाढावे हा ठराव हिल्टननेच मांडला होता. त्या दिवसापासून बोएने चर्चची पायरी चढणे सोडले, आणि नवऱ्यापायी मेवनेही. पण त्या जेवणात तिने एक तुकडा खाल्ला होता, म्हणून बोए तिच्याशीही बोलत नव्हता.

हिल्टन समेटाची भेट म्हणून कावा या पेयाची मुळी घेऊन त्यांच्या दारी गेला.

"दाजी, एक गोष्ट ऐकायला याल का?"

"डुक्कर आहे त्यात?"

"मासा आहे."

"कोणाचा?"

"देवाचा."

"मग तो कोणी कापला नसेल," बोए म्हणाला आणि काठी घेऊन उठला.

दोघांनी वेगवेगळे ऐकायचे ठरले. आधी बोए, दुपारच्या जेवणानंतर मेव. बोए चर्चच्या पडवीत समुद्राकडे तोंड करून बसला. सुरुवातीला तो जांभया देत होता. देवाने निनवेला माफ केले म्हणून रुसलेल्या योनावरची सावलीची वेल सुकली आणि योना मरण मागू लागला, तेव्हा मात्र बोए वळून बसला. एवढ्या मोठ्या नगराची, तिथल्या माणसांची आणि पुष्कळ गुराढोरांची मी कीव करू नये काय, असे देव विचारतो, तिथे हिल्टन थांबला.

"पुढं?"

"संपलं."

"देवानं विचारलं. हा काय म्हणाला?"

"लिहिलेलं नाही, दाजी. हिब्रूतही इथंच संपतं."

"डुक्कर खाल्लंत, आता हेही खाल्लंत," बोए शांतपणे म्हणाला.

सलोतेबाईंनी त्याला पास केले. प्रश्न आला आणि उत्तर आले नाही, हे इतके नेमके आजवर कोणाला टोचले नव्हते. घरी यातले अवाक्षर काढू नका, असे त्यांनी बजावले.

"आम्ही बोलतच नाही," बोए म्हणाला आणि निघून गेला.

हिल्टनने त्या दुपारी कितीतरी दिवसांनी केळीच्या पानात भाजलेला लापलाप पोटभर खाल्ला. मेव आली तेव्हा त्याने कागद डाव्या डोळ्याशी धरलाही होता.

"आधी मला सांग, तो देवाला काय म्हणाला?" ती बसता बसताच म्हणाली.

"कोण, आक्का?"

"योना. त्या पानांचं काय केलंत?"

सलोतेबाईंनी हिल्टनकडे पाहिले. हिल्टनने कागद खाली ठेवला.

"तुला कोणी सांगितलं?"

"ह्यांनी. बोलतच घरात शिरले. चूल विझली तरी बोलत होते. मला ठाऊक होतं ऐकायचं नाही म्हणून. पण मी अडवलं नाही. तू अडवलं असतंस?"

हिल्टनने कागदाची घडी घातली.

सलोतेबाईंनी सामान आवरले. एकाच माणसावर पुस्तक पास करता येईल का, हे कार्यालयाला विचारते, असे त्या म्हणाल्या. आशा मात्र लावली नाही. जहाज वेळेवर सुटले.

हिल्टनला आता कंदील लागला आहे की नाही, एवढेच कळते. बोएच्या घरातून बोलणे रोज ऐकू येते. योना उठून घरी गेला, असे तो म्हणतो. मेवच्या मते तो अजून तिथेच रुसून बसला आहे. पोर्ट व्हिलाहून उत्तर आलेले नाही.