सासूबाईंचा लेख चढला

जावईबापू ब्लॉगच्या कंपनीत नोकरीला होते, आणि त्या कंपनीची सगळ्यात तक्रारखोर ग्राहक त्यांच्याच घरात राहायची. सासूबाई. लेकीकडे राहायला आल्यापासून त्या ब्लॉग लिहायच्या, आणि ‘प्रकाशित करा’ दाबलं की पडद्यावर ते गोल चक्र फिरत बसायचं. मग जेवताना रोज तेच ऐकायचं. घास घशाखाली उतरेल तर शपथ.

बाईंचं खोटं नव्हतं. सर्व्हरवरची लेख चढवणारी स्क्रिप्ट कुणा महाभागाने लिहिली होती देव जाणे. नवा लेख आला की ती आधी जुने सगळे लेख पहिल्यापासून चाळायची, मग नवा चढवायची, आणि मधेच दमली की बसकण मारायची. साहेबांनी तर तंबीच दिली होती : शनिवारपर्यंत साइट पळाली तर नोकरी कायम, नाहीतर नारळ.

जावईबापूंनी आठवडाभर डोकं फोडून घेतलं. एक गाठ सोडवावी तर दुसरी आवळायची. घरी बायको काही बोलली तर नुसतं ‘हं’, सासूबाई बोलल्या तर तेही नाही. शनिवारी सकाळी मात्र स्क्रिप्ट सुतासारखी सरळ आली. साहेबांसमोर चाचणीचा लेख डोळ्याचं पातं लवायच्या आत चढला. सोमवारी पत्र मिळेल, साहेब म्हणाले.

तेवढ्यात साइटच्या पहिल्या पानावर आणखी एक लेख उगवला : ‘आमचे जावई कॉम्प्युटर दुरुस्त करतात म्हणे’.

जावईबापूंनी बाहेर जाऊन घरी फोन लावला.

“आई, हे काय लिहिलंत?”

“अगं बाई, गेलं?” सासूबाई दचकल्या. “अहो, असलं मी नेहमीच लिहिते. राग आला की लिहायचं, बटण दाबायचं आणि कपड्यांच्या घड्या घालायला जायचं. घड्या होईपर्यंत ते मेलं फिरतच असतं. तोवर राग उतरतो, मग मी बंद करून टाकते. आज लगेच कसं गेलं?”

“मी दुरुस्त केलं म्हणून.”

“मग तसं घरी सांगायचं नाही का?”

सासूबाई लेख पुसायला धावल्या. पण एव्हाना घरोघरच्या सासवा तो वाचत होत्या, आपापल्या जावयांना पाठवत होत्या, आणि जावई लेखाखालच्या प्रतिक्रियांत येऊन भांडत होते. एवढी झुंबड त्या बापड्या सर्व्हरने जन्मात पाहिली नव्हती. साइट आधी रेंगाळली, मग आडवी झाली, आणि पुसायचं बटण गोल गोल फिरत राहिलं. साहेबांच्या पडद्यावर लेखातली एकच ओळ अडकून बसली : ‘यांनी हात लावला की चालती वस्तू बंद पडते.’

साहेब ती ओळ बराच वेळ बघत होते. जावईबापूंनी मनातल्या मनात नारळ घेतलासुद्धा. पण साहेब हसत होते. एवढे वाचक कंपनीला आजवर कधी मिळाले नव्हते.

सोमवारी पत्र निघालं. साहेबांनी कायम केलं ते सासूबाईंना, दर आठवड्याच्या सदरासाठी. जावईबापूंचं पुढे बघू म्हणाले. तोवर घरातल्या वागण्यात काडीची सुधारणा करायची नाही, एवढीच त्यांना ताकीद होती.