मुजावर सिस्टर आणि आमचे तळपाय

आमच्या मजल्यावरच्या मुजावर सिस्टर माणसांचे चेहरे विसरतात, तळपाय विसरत नाहीत. लिफ्टमध्ये कोणी नमस्कार केला की त्या आधी खाली बघतात आणि मग म्हणतात, "हां, डाव्या टाचेला भेग. मलम लावता की नुसतंच आणून ठेवलंय?" नव्या माणसाला वाटतं, बाई अपमान करताहेत. तसं काही नसतं. ओळख दाखवायची त्यांची ती पद्धत आहे.

सिस्टर मूळच्या भवानी पेठेतल्या. एका मोठ्या रुग्णालयात त्यांनी नर्स म्हणून नोकरी केली आणि शेवटची बरीच वर्षं मधुमेहाच्या रुग्णांचे पाय सांभाळण्यात घालवली. निवृत्तीनंतर त्या आणि त्यांचे शिंपीकाम करणारे यजमान धायरीला आमच्या सोसायटीत आले. यजमान गेले, मुलगी बंगळुरूला असते, आणि सिस्टरांच्या हातात आता अख्खी सोसायटी सापडली आहे.

आम्ही इथे राहायला आलो त्याच संध्याकाळी त्या फुटाण्यांची वाटी घेऊन दारात उभ्या राहिल्या. नव्या शेजाऱ्यांना लोक पेढे देतात. मी काही बोलणार एवढ्यात त्यांनी विचारलं, "घरात मधुमेह कोणाला?" सुधीरनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, बक्षीस मिळणार असल्यासारखं माझ्याकडे बोट दाखवलं.

"बसा. पाय वर घ्या. डोळे मिटा. नायलॉनचा दोरा टेकवते, कळलं की 'हो' म्हणायचं."

मी डोळे मिटले. "हो," मी म्हणाले. जरा वेळानं परत म्हणाले, "हो."

"आपटेबाई, दोरा अजून माझ्या पिशवीत आहे."

जन्मभर पहिल्या वर्गात पास झालेली मी माझ्याच हॉलमध्ये, खोक्यांच्या पसाऱ्यात नापास झाले. मग त्यांनी खरोखर दोरा टेकवला, तेव्हा उजव्या अंगठ्याखाली मला काहीच कळलं नाही. सुधीर हसायचा थांबला. सिस्टर मात्र भाजी निवडावी इतक्या शांतपणे सांगत होत्या: घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही, पाण्याचा गरमपणा कोपरानं बघायचा, पायानं नाही, आणि रोज झोपायच्या आधी तळवे कोणाला तरी दाखवायचे. "कोणाला तरी म्हणजे यांना. यांना दुसरं काय काम आहे?" असं म्हणून त्या उठल्या. तेव्हापासून सुधीर रोज चष्मा लावून माझे तळवे बघतो आणि वर्तमानपत्रातली बातमी वाचावी तसा "विशेष काही नाही" म्हणतो.

सिस्टर निरोप घेताना "येते" म्हणत नाहीत. "बूट झटका" म्हणतात. बुटात खडा असेल तर आमच्यासारख्यांना तो दिवसभर टोचूनही कळत नाही, म्हणून. वास्तुशांत असो, बारसं असो, त्या "बूट झटका" म्हणून निघतात. एकदा तर सांत्वनाला गेल्या होत्या तिथेही म्हणाल्या, आणि कोणाला वावगं वाटलं नाही.

त्यांच्या तोंडाला लागायची हिंमत फारसं कोणी करत नाही. खालच्या मजल्यावरचे एक निवृत्त इंजिनियर छाती काढून म्हणाले, "सिस्टर, पंधरा वर्षं साखर आहे, पण मला काही होत नाही." सिस्टर म्हणाल्या, "होत नाही, की कळत नाही?" ते दुसऱ्या दिवशी पाय धुऊन हजर.

सोसायटीच्या गणपतीपुढे काळी फरशी आहे. उन्हाळ्यात दुपारी तिच्यावर पापड भाजून निघेल. साखरवाल्यांना चटका कळत नाही. प्रदक्षिणा घालून घरी येतात ते तळव्याला फोड घेऊन. तिथे काथ्याची चटई घाला, असं सिस्टर मीटिंगमध्ये म्हणाल्या. अध्यक्ष म्हणाले, "नाही म्हणजे, देवळाच्या बाबतीत तुम्ही..." आणि पुढे त्यांना वाक्य सापडेना. "मशिदीतही मी हेच सांगते," सिस्टर म्हणाल्या, "तिथलेही अध्यक्ष असेच बघतात." चटई आली.

पण त्यांची खरी कीर्ती झाली ती कुलकर्ण्यांच्या मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा. कांदेपोह्यांच्या बशा फिरत होत्या. सिस्टर शेजारधर्म म्हणून कोपऱ्यात बसल्या होत्या. मुलाचे मामा सोफ्यावर ऐसपैस बसलेले, पाय पुढे. सिस्टर एकदम उठल्या आणि त्यांच्या पायाशी वाकल्या. मामा गहिवरले. "अहो, असू द्या, असू द्या. मोठ्या आहात तुम्ही," म्हणत त्यांनी सिस्टरांच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "उदंड आयुष्य लाभो."

"ते बघू," सिस्टर खालूनच म्हणाल्या. "ही करंगळी काळी कधीपासून पडलीये?"

पोहे तिथेच राहिले. मामांना त्याच दिवशी डॉक्टरकडे नेलं. करंगळी गेली, पाय वाचला. लग्न काही जमलं नाही, पण मामा दिवाळीला सिस्टरांना फोन करतात. कुलकर्णीबाईंना तो फोन अजून सहन होत नाही.

सिस्टरांना स्वतःलाही मधुमेह आहे, आमच्या सगळ्यांपेक्षा जुना. हे त्या लपवत नाहीत आणि त्याबद्दल बोलतही नाहीत. त्यांची भाकरी, त्यांचं चालणं, इन्सुलिनची वेळ, सगळं घड्याळ लावून. मुलगी बंगळुरूला बोलावते, तर म्हणतात, "तिथं मला कोण ओळखतं? पाय कोण बघेल?" आम्ही हसायचो. आम्हाला वाटायचं, इतरांचे पाय म्हणताहेत.

यंदा गणपती होऊन गेल्यावरची गोष्ट. सिस्टर दुपारी माझ्याकडे आल्या, दारात चपला काढल्या, आत येऊन बसल्या. मी पाणी आणायला उठले तर फरशीवर दारापासून सोफ्यापर्यंत एकेक लालसर ठिपका.

"सिस्टर, तुमच्या पायाला काहीतरी लागलंय."

"नाही हो. फरशीचाच डाग असेल."

"काल पुसलीये मी."

"मग कुंकू सांडलं असेल तुमचं. मला काही दुखत नाही."

मी त्यांच्याकडे बघितलं. मी खोटंच "हो" म्हणाले होते त्या दिवशी माझा चेहरा बहुतेक असाच झाला असणार. त्याही माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी पाय वर घेतला. टाचेच्या पुढे एक टाचणी आत शिरली होती. तिचं बारीक गोल डोकं तेवढं बाहेर होतं.

सुधीरनं गाडी काढली. वाटेत सिस्टर खिडकीबाहेर बघत बोलत होत्या. यजमानांचा टाचण्यांचा डबा त्यांनी टाकला नव्हता. लोकांच्या घरातल्या टाचण्या, सुया, खिळे त्यांनी स्वतः उचलायला लावले होते, आणि हा डबा मात्र अधूनमधून काढून पुसून ठेवत होत्या. त्यात एखादी कधी सांडली असेल, ठाऊक नाही.

"रोज तळवे कोण बघतं तुमचे?" मी विचारलं.

"हे बघायचे. संध्याकाळचा चहा झाला की माझा पाय मांडीवर घ्यायचे. शिंपी माणूस, जरा कुठे उसवलं की त्यांना दिसायचं." मग म्हणाल्या, "आरसा आहे माझ्याकडे. आरशात दिसतं सगळं. पण एकटीनं कंटाळा येतो हो."

मला फार वाईट वाटलं. आमच्या अख्ख्या सोसायटीनं या बाईपुढे पाय पसरले होते, आणि तुमचे पाय कोण बघतं, हे आमच्यापैकी एकालाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

वेळेत गेल्यामुळे निभावलं. डॉक्टरांनी टाचणी काढली, औषधं दिली, पाय टेकवायला बंदी केली. संध्याकाळी मी पट्टी बदलायला जायचे. सिस्टर माझ्या प्रत्येक चुकीवर बोट ठेवायच्या, आणि चुका भरपूर होत्या. हळूहळू जखम भरली. डॉक्टरांनी आता पट्टी नको म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी चहाचे कप विसळत होते तेव्हा बेल वाजली. दारात सिस्टर होत्या.

"जखम तर भरली ना?" मी विचारलं.

"भरली," त्या म्हणाल्या, आणि दारातच उभ्या राहिल्या.

मी त्यांना हात धरून आत आणलं, सोफ्यावर बसवलं आणि समोर स्टूल ओढून बसले. त्यांचा पाय मांडीवर घेतला. बोटांच्या बेचक्या बघितल्या, टाच बघितली, तळव्यावरून बोट फिरवलं. सगळं ठीक होतं. तसं मी सांगितलं. सिस्टरांनी मान हलवली, पदराच्या टोकानं डोळे पुसले आणि दुसरा पायही माझ्या मांडीवर ठेवला.