तापलेल्या गाडीतून निरोप

"अहो, दोरीवरचे चिमटे कुठे गेले सगळे?" बायकोने गॅलरीतून विचारलं.

"चिमटे?" राजांनी खालून विचारलं, जणू ही वस्तू त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. त्या वेळी ते गाडीच्या बॉनेटखाली कमरेपर्यंत शिरून पेट्रोलच्या नळीला एकेक लाकडी चिमटा लावत होते.

बायको खाली आली. "धुणं वाऱ्यावर उडतंय आणि तुम्ही इथे नळी वाळत घालताय?"

"नळी तापू नये म्हणून आहे ते. मासिकात आलं होतं."

"त्याने गुण येतो?"

"येईल," राजे म्हणाले. पण आवाजात दम नव्हता.

ऑफिसात त्यांना सगळे राजे म्हणत ते या गाडीमुळेच. ती त्यांच्यापेक्षा वयाने मोठी होती. गोल दिवे, चंदेरी दांड्या, आणि दार लावलं की तिजोरी बंद केल्यासारखा आवाज. गारव्यात ती लोण्यासारखी चाले. ऊन चढलं की मात्र नळीतल्या पेट्रोलची वाफ व्हायची, पंप नुसती हवा ओढायचा आणि गाडी आचके देत भर रस्त्यात बसकण मारायची. म्हणून उन्हाळ्यात राजे तिला कोवळ्या उन्हात एक फेरी मारून आणत, पुसत आणि पुन्हा शेडमध्ये ठेवत. ऑफिसात हे कोणाला ठाऊक नव्हतं. तिथे राजांचं एकच पालुपद असे, "बोट लावलं की सुरू! हल्लीच्या गाड्यांत ती धमकच नाही."

व्हायचं तेच झालं. ऑफिसच्या प्रमुख असलेल्या मॅडमच्या निवृत्तीची तयारी चालली होती तेव्हा कॅशियर उठून म्हणाला, "मॅडमना घरी सोडायचं ते राजांच्या गाडीतून!" टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यात राजांनीही टाळ्या वाजवल्या. हात थांबेनातच.

"सांगून टाका ना, उन्हात नाही चालत म्हणून," बायको आता म्हणाली.

"कोणत्या तोंडाने सांगू?"

उरलेलं धुणं तिने खुर्च्यांवर पसरलं आणि पंपावर ठेवायला एक ओलं फडकं काढून दिलं. राजे ते स्वयंपाकघराच्या ओट्यावर विसरून गेले.

समारंभ संपला तेव्हा रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं. सगळं ऑफिस पायऱ्यांवर उभं राहिलं. मॅडम तीन मोठे पुष्पगुच्छ घेऊन मागे बसल्या. कॅशियर भेटवस्तूंची खोकी मांडीवर घेऊन पुढे बसला. राजांनी किल्ली फिरवली आणि गाडी खरंच बोट लावल्यासारखी सुरू झाली. पायऱ्यांवरून "वा, राजे!" असा गजर झाला. राजांनी मान किंचित झुकवून तो स्वीकारला.

"माझी आई गेटपाशी खुर्ची टाकून बसलीय," मॅडम म्हणाल्या. "लेक नोकरीवरून शेवटची घरी येताना बघायचीय म्हणे. आत यायलाच तयार नाही. जरा लवकर पोहोचलो तर बरं."

"आत्ता पोहोचू," राजे म्हणाले.

बाजाराच्या तोंडाशी वाहनं खोळंबली होती. गाडी मुंगीच्या पावलाने सरकू लागली आणि तापमानाचा काटा तेवढ्याच सावकाशीने वर सरकू लागला. राजांनी चोरून एक खटका ओढला.

थोड्या वेळाने कॅशियर म्हणाला, "राजे, पायाशी काहीतरी जळतंय का?"

"नाही. हीटर लावलाय."

"हीटर? या उन्हात?"

"इंजिनातली उष्णता बाहेर काढावी लागते."

"बाहेर कुठे? आमच्या पायांवर काढताय!"

राजांनी आरशात पाहिलं. मॅडम पुढच्या खोक्यांपैकी एकाचं झाकण काढून घेऊन वारा घेत होत्या. ज्या बाईंसमोर अख्खं ऑफिस उभ्याने बोले, त्यांच्या कपाळावरून घाम ओघळून चष्म्यात शिरत होता. त्या रागावून बोलल्या असत्या तर राजांना बरं वाटलं असतं.

चौकाच्या मधोमध गाडीने दोन आचके दिले आणि मान टाकली. मागून हॉर्नचा कल्लोळ उठला. राजांनी खाली उतरून बॉनेट उघडलं. बघ्यांचं कोंडाळं जमायला असा कितीसा वेळ लागतो! आत नळीवर चिमटे ओळीने बसले होते, आणि घाईघाईत दोरीवरून ओढलेल्या एका चिमट्यात राजांचा मोजा तसाच लटकत होता.

"गाडीत धुणं वाळवता काय हो?" एकाने विचारलं. बाकीचे पोट धरून हसले.

मॅडमही उतरल्या होत्या. त्यांनी मोज्याकडे पाहिलं, मग राजांकडे. "हे काय आहे?"

"तांत्रिक आहे, मॅडम," राजे म्हणाले आणि मोजा खिशात कोंबू लागले. तो चांगलाच तापला होता.

ओलं फडकं ओट्यावर राहिल्याचं त्यांना तेव्हा आठवलं. "पंपावर काहीतरी गार, ओलं ठेवायला हवं," ते पुटपुटले.

कॅशियरची नजर पुष्पगुच्छांवर गेली. फुलं टिकावीत म्हणून त्यांच्या बुडाशी भिजवलेला स्पंज होता. "मॅडम, एक गुच्छ घेऊ का?"

"घ्या," मॅडम म्हणाल्या.

राजांनी गुच्छाच्या पोटातून स्पंज उपटून पंपावर दाबला. चर्रर आवाज झाला, वाफ निघाली, गाडी सुरू झाली आणि पुढच्या वळणावर पुन्हा थांबली. दुसरा गुच्छ गेला. शाळेच्या भिंतीपाशी तिसरा गेला. राजे दर वेळी "माफ करा, मॅडम" म्हणत आणि दर वेळी त्यांचा आवाज आणखी खाली जाई. मागच्या सीटवर सुट्या फुलांचा खच पडला आणि त्यात मॅडम, लिलावात बोली न लागलेल्या मालासारख्या, बसून राहिल्या.

घराची गल्ली आली तेव्हा गुच्छ संपले होते आणि गाडीही.

"मॅडम, मी तुमच्यासाठी रिक्षा आणतो," राजे म्हणाले. त्यांना मॅडमकडे बघवत नव्हतं.

"आई तिथे बसलीय. या गाडीतून येणार म्हणून तिला सांगितलंय. सरका, मी पुढे बसते. तुम्ही दोघं ढकला."

निवृत्त झालेल्या मॅडम अशा रीतीने स्वतःच्या हाताने चाक फिरवत घरी आल्या. मागून मोटारीला लोंबकळल्यासारखे दोघेजण येत होते. गेटपाशी म्हातारीने कौतुकाने टाळ्या वाजवल्या. "अगंबाई, आवाज मुळीच नाही गं हिला!"

राजांना धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. पाणी न पिता निघावं म्हणून ते वळले, तर मॅडमनी हाक मारली.

"थांबा. मला तुमची माफी मागायचीय."

राजांना वाटलं, उन्हाने ऐकण्यात फरक पडला असेल.

"तुम्ही उशिरा यायचात आणि केबिनमध्ये येऊन हळूच सांगायचात, मॅडम, गाडी बंद पडली. मी कधी विश्वास ठेवला नाही. चारचौघांत बोलले. अर्ध्या रजा लावल्या. आज डोळ्यांनी पाहिलं." त्या आईकडे वळल्या. "आई, मी या माणसाला इतकी वर्षं खोटारडा समजत होते गं."

कॅशियरने नुकताच पाण्याचा घोट घेतला होता. तो त्याला गिळता येईना. उशिराच्या त्या प्रत्येक दिवशी तोही उशिराच्याच बसने येई आणि राजे त्याच्याच शेजारी, उशीवरच्या अभ्र्याची नक्षी गालावर घेऊन बसलेले असत. अशा दिवशी गाडी शेडमधून हललेलीच नसे.

"तसं नाही, मॅडम," राजे कसेबसे म्हणाले. "चूक माझीच—"

"बघ आई, अजूनही स्वतःकडेच घेतायत."

म्हातारीने उठून राजांच्या डोक्यावरून हात फिरवला. "खरं बोलणाऱ्याला सोसावं लागतं, बाळा."

राजे नमस्कार करून जे निघाले ते गाडीत बसूनच थांबले. कॅशियरही मागोमाग येऊन शेजारी बसला. ऊन कललं होतं, गल्लीत वारा सुटला होता. त्यांनी सहज किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्याच फिरकीला सुरू झाली. लोण्यासारखी.

गेटात मायलेकी निरोप द्यायला उभ्या होत्या. चोराच्या मनात चांदणं! राजांनी झटकन किल्ली बंद केली.

"अहो, झाली होती ना सुरू?" कॅशियर म्हणाला.

"हळू बोल. उतर खाली आणि ढकल."

"चांगली चालणारी गाडी ढकलायची?"

"तुझ्या पाया पडतो. त्या कोपऱ्यापर्यंत ढकल."

कॅशियर उतरला. राजेही उतरले आणि खिडकीतून एक हात चाकावर ठेवून ढकलू लागले. घामाने दोघे पुन्हा निथळले. मागे वळून बघायची राजांची छाती नव्हती, पण मॅडमचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"बघितलंस ना, आई? रोज असेच यायचे गं बिचारे."