दादाची पहिली शिंक

माझ्यासारखा शिंकणारा तुम्ही पाहिलाच नसेल! सलग अकरा, हा माझा नेम. रेकॉर्ड रूममध्ये मी जुनी फाईल उघडली की शेजारचे कारकून आधी चहाच्या कपावर हात ठेवतात. आणि या नाकावरून माझ्या थोरल्या भावानं, दादानं, आयुष्यभर माझा जीव खाल्ला. स्वतः सुतार. दिवसभर लाकडाच्या भुशात उभा, पण त्याच्या नाकानं कधी हूं का चूं केलं नाही. चारचौघांत म्हणायचा, "आमच्या धाकट्याला फुलाचा फोटो दाखवा, सर्दी होते!"

म्हणून ती बातमी वाचल्याबरोबर मी कात्री शोधली. ॲलर्जीवाल्यांना काही कर्करोग कमी होत असावेत, असा संशोधकांचा अंदाज. त्यांच्या शरीराचा पहारेकरी म्हणे जरा जास्तच जागा असतो. 'असावेत' आणि 'अंदाज' हे शब्द कात्रीबाहेर राहतील, एवढी काळजी मी घेतली.

रविवारी दादाकडे जेवताना कात्रण वाचून दाखवलं आणि पदरचं एक वाक्य जोडलं, "ज्याला शिंकच येत नाही, त्याचा पहारेकरी घोरत पडलेला असतो!"

वहिनी हसली. दादानं तोंडाशी नेलेला घास ताटात परत ठेवला. चाळीस वर्षांचं उट्टं निघालं! मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

तिसऱ्या दिवशी वहिनीचा फोन. "भाऊजी, काय भरवून ठेवलंत यांच्या डोक्यात? उशी उसवून कापूस हुंगत बसलेत!"

"हुंगू द्या की!"

"काल शेजारणीचं मांजर उचलून आणलं. अर्धा तास तोंडाशी धरलं."

"मग?"

"मांजर शिंकलं!"

मी हसून हसून खुर्चीवरून घसरलो. दादा माझ्या नाकाशी बरोबरी करायला निघाला होता! मग मीही उदार झालो. रेकॉर्ड रूमच्या कपाटांवरची धूळ डब्यात भरून पाठवली. वर चिठ्ठी : 'दिवसातून तीनदा, जेवणाआधी.'

आठ दिवसांनी दादाच फोनवर ओरडला, "आली! लागोपाठ दोन!"

गेलो. दादा वर्कशॉपमध्ये रंध्याशेजारी बसला होता. नाक लाल, डोळ्यांत पाणी, आणि चेहऱ्यावर पोराला पहिला दात आल्याचा आनंद! डबा रिकामा. तीनदा लिहिलं होतं, तीनदाच घेतली होती त्यानं.

"अभिनंदन! पण अकरा झाल्याशिवाय..."

"ते राहू दे." त्यानं उठून दार लोटलं. "आता रक्त थांबेल ना रे?"

"कसलं रक्त?"

"संडासला होतं. चार महिने झाले. तुझ्या वहिनीला मूळव्याध सांगितलंय."

मी रिकामा डबा उचलून पिशवीत लपवला.

दुसऱ्या दिवशी दवाखाना, मग तपासण्या. आठवड्यानं डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट मिटला. आतड्याचा कर्करोग. "ऑपरेशन करू. पण फार उशीर केलात. निदान रक्त दिसलं, तेव्हा तरी यायचं!"

"औषध चालू होतं," दादा म्हणाला. माझ्याकडे त्यानं बघितलंही नाही.

मीच चाचरत कात्रणाचं सांगितलं. बाई म्हणाल्या, "असेलही संबंध. काही अभ्यासांत दिसतो, काहींत नाही. पण तो हजारो माणसांच्या आकड्यांत. एका माणसाच्या पोटात काय चाललंय, ते शिंका मोजून कळत नाही." मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही सख्खे भाऊ ना? तुमचीही तपासणी करावी लागेल. खालून नळी घालून."

"माझी? अहो बाई, मला जन्माची ॲलर्जी आहे!"

"कशाची?" त्यांनी पेन उघडलं. "नळीची?"

मुकाट्यानं गुरुवारची वेळ घेतली. वहिनी अजून माझ्याशी बोलत नाही. तिचं चुकतंय, असं म्हणणारा कुणी भेटतो का, ते मी बघतोय.