झोळीतलं भाषण

ग्रामसभेत बोलायचं म्हटलं की नवशीची जीभ टाळूला चिकटायची. आणि पाड्यातल्या बायकांनी नेमकं तिलाच पुढे केलं होतं. तालुक्याहून साहेब येणार, त्यांच्याकडून पाड्यासाठी एक नळ मागून घ्यायचा. नाहीतर आणखी एक उन्हाळा डोंगराखालच्या विहिरीवर हंडे घेऊन उतरायचं.

"तू दहावी शिकलेली. सराव कर, येईल बोलता," सासू जिजाने हुकूम सोडला.

सरावाला वेळ मिळायचा तो धाकलीला झोळीत झुलवताना. नवशी दोरी ओढायची आणि झोक्याच्या चालीवर भाषण म्हणायची, "मा...ननीय साहेब, आम...च्या पाड्याला..." भाषण तोंडपाठ झालं. धाकलीची इवलीशी मूठ मात्र 'पाड्याला'पाशीच सैल पडायची, पापण्या मिटायच्या. भाषण थांबलं की डोळे टक्क उघडे, आणि घर डोक्यावर!

"पोर कशी गुमान झोपते बघ," जिजा कौतुकाने म्हणाली.

"आय, साहेबाला झोपवायचं नाय मला!"

सभा नेमकी जेवणानंतर ठेवलेली. सरपंच लाहूने साहेबांना गावठी कोंबडी आणि तांदळाची भाकरी आग्रहाने वाढली होती. नवशी धाकलीला खांद्याशी धरून माईकपाशी गेली. तोंड उघडलं आणि भाषण आलं ते झोक्यासकट. दुसऱ्या चालीत तिला ते येतच नव्हतं.

धाकलीची मान पडली. मग पुढच्या ओळीतल्या म्हाताऱ्यांच्या. मग पहाटेपासून पाणी वाहून दमलेल्या बायकांच्या. मग लाहूची. शेवटी साहेबांची हनुवटी शर्टाच्या खिशाला टेकली. जागी एकटी जिजा. तिला हे भाषण ऐकून ऐकून पचलं होतं.

नवशीने समोर पाहिलं. जिजा सोडली तर बघणारं कुणीच नाही! भीती कुठल्या कुठे पळाली. निसरडी वाट, डोक्यावर दोन हंडे, पोटात धाकली, असं पाठ न केलेलंही ती भडाभडा बोलून गेली. मग ध्यानात आलं, ऐकणारंही कुणी नाही.

"उठव ना गे त्याला!" जिजा कुजबुजली.

साहेबाला हलवणार कोण? नवशीने माईक धाकलीच्या तोंडाशी नेला आणि बोलणं थांबवलं.

असा टाहो फुटला की छपराचे पत्रे थरथरले. साहेब ताडकन ताठ झाले. "बरोबर! ताईंचं म्हणणं अगदी पटलं. मंजूर करून घेऊ!"

"काय मंजूर लिहू, साहेब?" ग्रामसेवकाने डोळे चोळत विचारलं.

साहेबांनी घसा खाकरला. "ताई, थोडक्यात पुन्हा सांगा. यांना लिहायचंय."

नवशीने धाकलीला थोपटलं आणि सगळ्या सभेकडे सरळ बघत ठणकावून सांगितलं, "दोन नळ, साहेब. एक आमच्या पाड्याला, एक खालच्या."

जिजाने तोंडाला पदर लावला.

साहेबांनी सरपंचाकडे पाहिलं. "दोनच म्हणाल्या ना?"

"दोनच, साहेब!" लाहू छाती काढून म्हणाला. "मी सगळं कान देऊन ऐकलंय."